बॉक्सस्टरच्या इंजिनावरचं झाकण: भुगा झालेलं इन्सुलेशन आणि जुनं कार्पेट कसं बदलायचं

पोर्शे बॉक्सस्टरची पहिली पिढी, म्हणजे १९९६ ते २००४ मधली ९८६ या क्रमांकाची, ही इंजिन लपवणारी गाडी आहे. इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे बसतं. त्यावर धातूचं झाकण, झाकणावर कार्पेट, आणि टप (गाडीचं घडी होणारं कापडी छत) उघडला की त्याची घडी बरोबर त्या कार्पेटवर येऊन बसते. ऑइल आणि कूलंट मागच्या डिकीतूनच भरता येतं. त्यामुळे कित्येक मालक वर्षानुवर्षं हे झाकण उघडत नाहीत. एअर फिल्टर बदलायला कधीतरी उघडतात, तेव्हा झाकणाच्या पोटाला चिकटवलेल्या फोमचा काळा भुगा इंजिनभर सांडलेला दिसतो.

काम अवघड नाही. दोन-तीन निवांत दिवस, हातातली साधी अवजारं आणि थोडा संयम एवढ्यात होतं. तरी बऱ्याच जणांचं बिघडतं, आणि बिघडण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: जागा न मोजता जाड माल आणला जातो. झाकणाखाली इंजिनाचे उंच भाग आहेत आणि झाकणावर घडी झालेला टप. मधली जागा दोन्हीकडून बांधलेली आहे. माल महागातला आहे की स्वस्तातला, हा प्रश्न त्यानंतरचा.

फोम का सडतो

त्या काळातलं इन्सुलेशन पॉलियुरेथेन फोमचं आहे. उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि ओल या तिघांमुळे पॉलियुरेथेनच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात. सर्वांत वाईट वेळ गाडी चालू असतानाची नसते, ती बंद केल्यानंतरची असते. इंजिन थांबतं, हवा खेळायची थांबते आणि तापलेल्या ब्लॉकची उष्णता वर जाऊन झाकणाखाली कोंडते. वीस-पंचवीस वर्षं रोज असं झालं की फोम चिमटीत धरताच पीठ होतो. काही गाड्यांत तो कोरडा न पडता काकवीसारखा चिकट होतो. तिथे ओलीचा वाटा जास्त असतो, आणि तो खरवडायला दुप्पट वेळ लागतो.

भुगा दिसायला निरुपद्रवी असतो, पण तो चुकीच्या जागी जाऊन बसतो. अल्टरनेटरच्या झरोक्यांत, बेल्टच्या खाचांत, आणि टपाच्या खणातल्या पाणी जायच्या भोकांत. ही भोकं तुंबली की पावसाचं पाणी थेट केबिनमध्ये उतरतं. सीटखाली इमोबिलायझरचं (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं) कंट्रोल युनिट असतं. ते एकदा भिजलं की गाडी चालू व्हायला नकार देते आणि खर्च या संपूर्ण कामाच्या कितीतरी पट होतो. तेलाने भिजलेला जुना फोम पेटूही शकतो, म्हणून 'आहे तसा राहू दे' हा पर्याय नाही.

माल निवडताना

झाकणाच्या खालच्या बाजूला आवाज शोषणारा आणि उष्णता सोसणारा थर हवा. वरच्या बाजूला आवाज अडवणारा वजनदार थर आणि त्यावर कार्पेट. ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच मालाकडून दोन्ही होत नाहीत.

शोषण्यासाठी उघड्या छिद्रांचा माल लागतो. हवा आत शिरली पाहिजे, छिद्रांत घासली पाहिजे, तरच आवाजाची ऊर्जा खर्च होते. मेलामाइन फोम इथे सर्वांत चांगला. २०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो, घनमीटरला दहा किलोच्या आसपास भरतो, ज्योत काढली की विझतो. भिंतीवरचे डाग पुसायचे पांढरे स्पंज मिळतात ना, तोच हा पदार्थ. दोष दोन: ठिसूळ आहे आणि पाणी पितो. म्हणून वर ग्लास फायबरचं कापड किंवा पातळ ॲल्युमिनियम फॉइल चिकटवलेलाच घ्यावा. मोकळा मेलामाइन लावला तर काही वर्षांत पुन्हा भुगा, फक्त या वेळी पांढरा.

काळा नायट्राइल रबर फोम (एसीच्या डक्टवर गुंडाळतात तो) सहज मिळतो, कापायला सोपा, ओलीला दाद देत नाही. पण त्याची छिद्रं बंद असतात. तो उष्णता थोपवतो, आवाज फारसा शोषत नाही. 'नवीन फोम लावला तरी आवाज तेवढाच' ही तक्रार बहुतेक वेळा या मालाची असते. शिवाय तो साधारण १०५ ते ११० अंशांपर्यंतच चालतो. एक्झॉस्टपासून लांब असलेल्या वरच्या झाकणाला तेवढं पुरतं, पण हाताशी फार काही उरत नाही.

पॉलिइथिलीनची व्यायामाची चटई, पॅकिंगचा फोम, डांबरी शीट यांपैकी काहीही खालच्या बाजूला लावू नका. डांबरी शीट उन्हाळ्यात मऊ होऊन सुटते आणि बेल्टवर पडते. ब्यूटाइल डॅम्पिंग शीट धातूची थरथर थांबवायला उत्तम आहे, पण तिची जागा झाकणाच्या वरच्या बाजूला, कार्पेटखाली. तीही पूर्ण पृष्ठभागावर नको. मोकळ्या सपाट भागात तळहाताएवढे तुकडे पुरतात.

फॉइल लावलेला माल घेताना एक तडजोड लक्षात घ्या. सलग फॉइल उष्णता परतवतं, पण आवाजालाही परतवतं, त्यामुळे मागच्या फोमचं काम कमी होतं. शहरात हळू चालणारी आणि उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर फॉइल घ्या. लांबच्या प्रवासात आवाजाचा कंटाळा येत असेल तर काळं ग्लास फायबर कापड. दोन्ही हवं असेल तर बारीक भोकं पाडलेलं फॉइल मिळतं.

माल अमेरिकी असेल तर पाकिटावर 'एफएमव्हीएसएस ३०२' लिहिलेलं दिसेल. ते गाडीच्या अंतर्भागासाठीचं मानक आहे: माल मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने जळता कामा नये. म्हणजे हळूहळू जळायला तिथे परवानगी आहे. इंजिनाच्या बाजूला ते पुरेसं नाही. तिथे 'यूएल ९४ व्ही-०' पाहा, म्हणजे ज्योत काढल्यावर आपोआप विझणारा माल. विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर दोन बोटांएवढा तुकडा घराबाहेर, चिमट्यात धरून लायटरवर दहा सेकंद धरा. ज्योत काढताच विझला पाहिजे आणि पेटते थेंब गळता कामा नयेत.

आता अपेक्षेबद्दल. हे सहा सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन आहे, प्रत्येक फेऱ्याला तीन स्फोट. ३००० आरपीएमला मुख्य आवाज १५० हर्ट्झचा, आणि त्या आवाजाची लहर सव्वादोन मीटरहून लांब. २० मिलिमीटर फोम तिला ओळखतसुद्धा नाही. फोमने कमी होते ती साधारण हजार हर्ट्झच्या वरची खडखड: इंजेक्टरची टिकटिक, चेनचा, बेल्टचा आवाज. खालची घुमघुम कमी करायला वजनच लागतं. अडथळ्याचं वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल फरक पडतो. म्हणून कार्पेटच्या पाठीला चौरस मीटरमागे अडीच ते पाच किलो वजनाचा व्हिनाइल थर लावतात. ज्याला आवाज मनापासून कमी करायचा आहे त्याने पैसे इथे घालावेत, खालच्या फोमवर नाही. बॉक्सस्टरचं इंजिन ऐकू यावं म्हणूनच गाडी घेतली असेल, तर व्हिनाइल विसरा आणि फक्त उष्णतेचा बंदोबस्त करा.

चिकटवायला उच्च तापमानाचा ट्रिम ॲडहेसिव्ह स्प्रे किंवा निओप्रीनचा काँटॅक्ट ग्लू, डब्यावर किमान १२० अंश लिहिलेला. हस्तकलेचा स्प्रे साठ-सत्तर अंशांतच मऊ पडतो. झाकण आणि फोम मिळून ५०० मिलीचा एक डबा लागतो, कार्पेटच्या थरांसाठी दुसरा. याशिवाय ५० मिलिमीटर रुंद ॲल्युमिनियम टेप, सहा ते आठ इन्सुलेशन पिना त्यांच्या दाबून बसणाऱ्या चकत्यांसह, उष्णता सोसणारा दोन भागांचा इपॉक्सी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, खाकी कागद, मुलांची खेळायची मऊ माती आणि एफएफपी२ किंवा एन९५ मास्क.

टप सर्व्हिस पोझिशनला नेणे

इंजिन पूर्ण गार असताना सुरू करा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला. हँडब्रेक ओढल्याशिवाय ९८६ चा टप हलतच नाही. मागची काच प्लास्टिकची असेल (२००२ पर्यंतच्या गाड्या) तर थंडीत हे काम करू नका. गारठलेलं प्लास्टिक घडीवर तडकतं. आधी गाडी तासभर उबदार जागी ठेवा आणि घडीच्या रेषेत मऊ टॉवेल घाला.

पुढची कडी सोडा, बटण दाबा. टपाची पुढची कड विंडस्क्रीनपासून फूटभर उचलली गेली आणि मागचं मोठं पत्र्याचं झाकण (ज्याखाली टपाची घडी जाते ते) वर आलं की बटण सोडा. किल्ली काढून खिशात घाला. कुणी चुकून बटण दाबलं तर मोटर तुमच्या बोटांचा विचार करणार नाही.

आता दोन्ही बाजूंना, तरफेला जोडलेल्या दांड्याच्या टोकाला, प्लास्टिकची बॉल-वाटी (गोल टोकावर दाबून बसणारा सांधा) दिसेल. रुंद पात्याच्या स्क्रूड्रायव्हरला कापड गुंडाळून पातं वाटी आणि तरफ यांच्या मध्ये घाला आणि फिरवा. उचकटू नका. ती टक्कन सुटते. एवढ्या जुन्या गाडीतल्या वाट्या ठिसूळ झालेल्या असतात, म्हणून नव्या वाट्यांची जोडी आधीच आणून ठेवणं शहाणपणाचं. काम संपल्यावर एक वाटी तुटलेली निघाली तर टप एका बाजूने ओढला जातो आणि सांगाडा वाकतो.

दांडे सुटले की मागचं पत्र्याचं झाकण हाताने आणखी मागे जातं. टपाच्या मागच्या कडेला दोन्हीकडे ताण धरणाऱ्या दोऱ्या आहेत, त्या सोडा. मग मागची कड पुढच्या दिशेने उचलून पट्ट्याने टपाच्या पुढच्या कमानीला बांधा. बांधताना काचेवर मोड पडत नाही ना ते पाहा. पट्टा घट्ट हवा. वाऱ्याने कड खाली आली की ती थेट डोक्यावर येते.

बॅटरी काढायची की नाही यावर मतं वेगळी आहेत. इथे फक्त झाकण निघतंय, वायरिंगला हात लागत नाही, त्यामुळे किल्ली बाहेर असली की पुरे. काढायचीच असेल तर रेडिओचा कोड आधी शोधून ठेवा. आणि ज्या गाड्यांत पुढच्या बॉनेटचं कुलूप विजेवर चालतं, तिथे बॅटरी काढल्यावर बॉनेट लावू नका. बॅटरी त्याच बॉनेटखाली आहे.

उघडणे आणि साफसफाई

कार्पेट क्लिपांवर बसलेलं असतं. क्लिपा फिरवून सोडा, मोजा, डबीत ठेवा आणि कुठली क्लिप कुठली याचा फोटो काढा. कार्पेट ओढून काढू नका, जुना पाठीचा थर तिथेच फाटतो आणि साचा म्हणून ते निरुपयोगी होतं.

धातूच्या झाकणाचे क्लॅम्प सोडण्याआधी कडेने व्हॅक्यूम फिरवा. मग सगळे क्लॅम्प सोडून झाकण आडवंच, पातळी न बिघडवता उचला. उभं धरलं की सैल फोम खाली इंजिनात कोसळतो. जुनी चादर शेजारी पसरून ठेवलेली असावी, झाकण तिच्यावरच उलटं करायचं. दोन माणसं असली तर उत्तम.

इंजिनावरचा भुगा ब्रश लावलेल्या व्हॅक्यूमनेच काढा. कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. ती भुगा अल्टरनेटरच्या आत आणि बेल्टच्या पुलीत ढकलते. एअर फिल्टरचं खोकं या टप्प्यावर बंदच ठेवा. फिल्टर बदलायचा असेल तर सगळी सफाई झाल्यावर, शेवटी. तेलकट जागी चिकटलेले कण प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून कापडाने टिपा.

मग टपाच्या खणाच्या दोन्ही कोपऱ्यांतली पाण्याची भोकं. लवचिक प्लास्टिकची नळी किंवा बोथट केबल हळू आत-बाहेर करा. तारेचा आकडा वापरू नका, आतली रबरी नळी फाटते आणि मग पाणी कुठे जातं ते दिसतही नाही. प्रत्येक बाजूला अर्धा लिटर पाणी सावकाश ओता. ते मागच्या चाकासमोर, गाडीखाली पडलं पाहिजे. नाही पडलं तर पुढचं सगळं काम थांबवून हे आधी.

झाकणाचा जुना फोम प्लास्टिकच्या खरवडणीने काढा, मास्क लावून, उघड्यावर. राहिलेला गोंद व्हाइट स्पिरिटने किंवा संत्र्याच्या तेलाच्या क्लीनरने भिजवून वीस मिनिटं ठेवला की सुटतो. झाकणाला चुंबक लावून पाहा. चिकटला नाही तर ॲल्युमिनियम आहे, तिथे लोखंडी तारेचा ब्रश नको. शेवटी अल्कोहोलने दोनदा पुसा. दुसऱ्या कापडावर काळं उतरलं तर तिसऱ्यांदा. नवा गोंद सुटण्याच्या निम्म्या घटनांचं मूळ या पुसण्यात असतं.

जागा मोजणे

हा टप्पा टाळू नका. इनटेकचे प्लास्टिक पाइप, थ्रॉटल बॉडी, अल्टरनेटर असे जे जे भाग उंच दिसतात, त्या प्रत्येकावर प्लास्टिकची पातळ फिल्म ठेवून तिच्यावर मातीचा सुपारीएवढा गोळा ठेवा. मोकळं झाकण, फोमशिवाय, जागेवर ठेवून सगळे क्लॅम्प लावा. उघडा आणि चपटे झालेले गोळे सुरीने कापून जाडी मोजा. ही तुमची खरी जागा. त्यातून ८ ते १० मिलिमीटर वजा करा, कारण इंजिन रबरी माउंटवर हलतं आणि गिअर बदलताना, वेग वाढवताना उचललं जातं. उरेल तेवढ्या जाडीचा फोम. बहुतेक भागात २० मिलिमीटर बसेल पण दोन ठिकाणी १० च मिळेल, असं झालं तर सगळीकडे १० लावू नका. २० चा लावून त्या दोन ठिकाणी तो कापून पातळ करा आणि कापलेला भाग टेपने बंद करा.

हीच परीक्षा वरच्या बाजूलाही. जुनं कार्पेट ठेवून, त्यावर चार-पाच गोळे मांडून, टप हाताने घडी होईपर्यंत खाली आणता येतो का ते पाहा. जुन्या कार्पेटची जाडी आणि त्यावर माती दाबली गेली ती जाडी, एवढंच मैदान आहे. नवं कार्पेट आणि व्हिनाइल मिळून याच्या आत बसायला हवं. न बसल्यास टपाची घडी वर राहते, पत्र्याचं झाकण शेवटचे काही सेंटिमीटर जोर लावून बंद होतं आणि त्या जोराची किंमत प्लास्टिकच्या वाट्या आणि केबल मोजतात. प्लास्टिकची मागची काच असेल तर ती कार्पेटवर घासून धुरकट होते ते वेगळंच.

सील

झाकणाच्या कडेचं रबर दाबून पाहा. परत फुगलं पाहिजे. सपाट, कडक किंवा तडकलेलं असेल तर बदला. यात कंजुषी नको: या इंजिनाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (धूर गोळा करणाऱ्या पाइपांचे) बोल्ट गंजतात, तिथून कधी गळती लागली तर कार्बन मोनॉक्साइड वर येतो आणि तुमच्या पाठीमागे फक्त हे रबर असतं. फोम नसला तर आवाज येईल, सील नसलं तर विषारी वायू.

तपासायला वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी कडेवर ठेवून झाकण बंद करा आणि ओढा. अडखळत आली तर ठीक, अलगद निसटली तर तिथे फट आहे. दर हातभर अंतरावर हे करा. फोम लावल्यावर पुन्हा एकदा करा, कारण जाड फोम झाकण उचलून धरतो आणि चांगलं सीलही निकामी ठरवतो. फोमची कड सीलच्या बसण्याच्या रेषेपासून १५ मिलिमीटर आत ठेवायची ती याचसाठी.

फोम लावणे

खाकी कागदाचा साचा झाकणावर ठेवून कापा. उलटं-सुलटं कोणतं ते कागदावर लिहा. आरसाप्रतिमा कापून शीट वाया घालवण्याचा प्रकार फार नित्याचा आहे. शक्यतो एकच तुकडा. जोड द्यायचाच असेल तर तो उंच भागांच्या बरोबर वर येऊ देऊ नका. फोम लांब पात्याच्या नव्या कटरने, एका ओढीत, पात्याचा कोन सरळ ठेवून कापा. कापलेल्या सगळ्या कडा ॲल्युमिनियम टेपने बंद करा. उघड्या कडेतून तेलाची वाफ आणि ओल शिरते.

आधी पिना. त्यांच्या बुडाला इपॉक्सी लावून झाकणावर चिकटवा: चारही कोपऱ्यांत कडेपासून ५ सेंटिमीटर आत आणि दोन ते चार मधल्या भागात. पिनेचं टोक फोमच्या बाहेर जास्तीत जास्त ३ मिलिमीटर राहावं, आणि खाली वायर किंवा पाइप असेल तिथे पीन नकोच. झाकणाला भोक पाडून स्क्रू लावणं हा सोपा वाटणारा मार्ग आहे, पण त्या भोकातून पाणी खाली आणि धूर वर येतो.

इपॉक्सी रात्रभर सुकली की गोंद. झाकणाला एक थर. फोम गोंद पितो म्हणून त्याला दोन, मध्ये दहा मिनिटं. बोटाची मागची बाजू टेकवल्यावर चिकटतं वाटलं पण गोंदाची तार ओढली गेली नाही, की जोडायची वेळ. ओला असताना जोडला तर आतला द्रावक अडकतो, पहिल्या उन्हात फुगे येतात. फोम पिनांवर मधून कडेकडे दाबत न्या, लाकडी रोलर हलक्या हाताने फिरवा (मेलामाइन चिरडला की परत फुगत नाही), चकत्या बसवा. झाकण उलटंच ठेवून चोवीस तास. पावसाळी दमट हवेत हे काम करू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरतं आणि पांढुरका पडलेला गोंद कधीच नीट धरत नाही. मुंबईत जुलैमध्ये हे करायचं असेल तर एसी लावलेली खोली बघा.

फॉइलवाला माल असेल तर अल्टरनेटरच्या जाड वायरचं टर्मिनल कुठे येतं ते पुन्हा पाहा. फॉइल वीज वाहून नेतं. त्या जागेवर फॉइल काढून ग्लास फायबर कापडाची पट्टी लावा आणि टर्मिनलची रबरी टोपी जागेवर आहे याची खात्री करा.

कार्पेट

तयार मिळत असेल तर मूळ आकाराचं साच्यातलं कार्पेट घेणं केव्हाही सोपं. पण रंग महत्त्वाचा असेल तर शिवून घ्यावं लागतं. लागणारा माल: रबर किंवा लेटेक्सची पाठ असलेलं ५ ते ६ मिलिमीटर जाडीचं नीडल-पंच (सुयांनी टोचून घट्ट केलेलं) कार्पेट. मुंबई-पुण्यात सीटकव्हरवाल्यांकडे हे मिळतं, काठ बांधायची मशीनही त्यांच्याकडेच असते. लंडन किंवा स्टुटगार्टमध्ये राहणाऱ्याला माल ऑनलाइन मिळेल, काठ बांधायला मात्र अपहोल्स्टरीचं दुकान गाठावं लागेल.

जुनं कार्पेट साचा म्हणून वापरा, पण त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकू नका. ते आक्रसलेलं असतं आणि कोपरे वळलेले असतात. त्याच्या कडेबाहेर सगळीकडे १० मिलिमीटर जास्त ठेवून कापा, जागेवर बसवा, मग थोडं थोडं छाटा. लव कोणत्या दिशेला झुकते ते हात फिरवून पाहा आणि केबिनमधल्या कार्पेटशी जुळवा, नाहीतर एकच रंग दोन छटांचा दिसतो.

वळणांवर कार्पेट बसत नसेल तर पाठीमागून हीट गन फिरवून मऊ करा, जागेवर दाबून वाळूच्या पिशव्या ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या. लवेच्या बाजूने गरम हवा मारली की धागे वितळून चकाकतात, तो डाग जात नाही. क्लिपांची भोकं आधी पाडू नका. कार्पेट बसल्यावर खालची जागा चाचपून टोच्याने खूण करा, मग गोल पंचने भोक. कात्रीने फुली मारलेलं भोक वर्षभरात लांबतं.

काठाला नायलॉनची पट्टी आणि बाँडेड पॉलिएस्टर दोरा. सुती दोरा उष्णतेने आणि ओलीने दोन-चार वर्षांत तुटतो. व्हिनाइलचा थर काठापासून २० मिलिमीटर आत थांबवा, नाहीतर मशीनची सुई अडकते आणि कड जाड होऊन वर राहते.

कार्पेट झाकणाला चिकटवायचं नाही. ते क्लिपांवरच राहावं. पुढचा एअर फिल्टर बदलताना चिकटवलेलं कार्पेट फाडूनच काढावं लागतं.

परत जोडणी आणि नंतर

झाकण बसवा, क्लॅम्प समोरासमोरच्या जोड्यांनी लावा. हाताने सहज लागले पाहिजेत. एखाद्याला जोर लागत असेल तर खाली फोम कुठेतरी टेकलाय. कागदाची परीक्षा पुन्हा करा. मग कार्पेट न लावता इंजिन चालू करून तापू द्या आणि झाकणावर तळहात ठेवा. नवी थरथर किंवा टकटक जाणवली तर फोम एखाद्या पाइपला शिवतोय. गाडी बंद करून उघडलंत की फोमवर घासल्याची चकाकी दिसेल, तेवढाच भाग कापा.

कार्पेट लावल्यावर दोऱ्या आणि बॉल-वाट्या जोडा. वाटी नीट बसल्याचा आवाज येतो. न आल्यास ती अर्धीच बसलेली असते. दोन्ही बाजू बघून मगच किल्ली लावा आणि टप पहिल्यांदा थांबत थांबत चालवा, कुणाला तरी बाजूला उभं करून. बॅटरी काढली होती तर काचा पूर्ण वर नेऊन बटण काही क्षण धरून ठेवावं लागेल, तेव्हा त्या आपली वरची सीमा पुन्हा शिकतात.

पहिले काही दिवस गोंदाचा हलका वास येतो, तापल्यावर जास्त. तो आठवडाभरात ओसरतो. एक्झॉस्टचा वास आला तर तो गोंदाचा समजून वाट पाहू नका. खिडक्या उघडा, गाडी थांबवा, सील आणि मॅनिफोल्ड तपासा.

सगळं केल्यावरही आवाज मागून, कंबरेच्या उंचीवरून येतोय असं वाटलं तर वरचं झाकण निर्दोष आहे आणि दोष सीटमागच्या उभ्या पॅनलचा आहे. त्या कार्पेटखाली १० मिलिमीटरच्या बोल्टवर बसलेलं आणखी एक झाकण आहे, ज्याच्या मागे बेल्ट असतो. तिथेही याच वयाचा फोम आहे. बेल्ट इतका जवळ फिरतो की तिथे मातीच्या गोळ्यांची परीक्षा आणखी कडक करा आणि पिना बेल्टच्या रेषेत अजिबात लावू नका. पहिल्या हजार किलोमीटरनंतर दोन्ही झाकणं एकदा उघडून चकत्या आणि कडेची टेप पाहून घ्या. टेपचं एखादं टोक उचललेलं दिसलं तर ते दाबून बसवू नका, काढून टाका, अल्कोहोलने पुसा आणि नवं लावा.